श्रद्धेच्या पायाशीं कुदळ

आम्ही राहतों त्या विश्रांतवाडीवरून आळंदीचा रस्ता जातो, आणि तेथून कोसभर अंतरावर, येरवड्याच्या बाजूस, डेक्कन कॉलेज आहे. ज्येष्ठ वद्यांत ज्ञानेश्वरांची पालखी या रस्त्यानें पुण्यास येते, तेव्हां लक्षावधि माणसें तींतील पादुकांपुढें मस्तक लववितात. त्या पादुका चांदीच्या आहेत. ज्ञानेश्वरांच्या पायांत त्या कधीं होत्या असें कोणी वारकरी म्हणत नाहीं, आणि तसें सिद्ध करण्याची गरजहि त्यास भासत नाहीं. उलट डेक्कन कॉलेजांत, जुनें कॉलेज बंद पडून १९३९ सालीं त्याच्या जागीं संशोधनसंस्था उभी राहिली तेव्हांपासून, साधें खापर जरी आलें तरी तें कोणत्या थरांतलें, कोणत्या शतकांतलें आणि कशावरून, हें विचारल्यावांचून त्यास फळीवर जागा मिळत नाहीं. भक्तीची वाट आणि पुराव्याची वाट अशा शेजारीं शेजारीं असून सहसा एकमेकींस अडवीत नाहींत. याचें श्रेय कोणी आमच्या सहिष्णुतेस देतात. आम्हांस तें तितकेंसें पटत नाहीं. त्या वाटा अडत नाहींत, कारण आमच्याकडील भक्तीनें बहुतेक ठिकाणीं पुराव्याच्या हद्दींत पाऊलच टाकलेलें नसतें. जेथें तें टाकलें गेलें तेथें काय होतें, हें गेल्या कांहीं वर्षांत आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

नेवाशाचेंच उदाहरण घ्यावें. शके १२१२ मध्यें ज्या गांवीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथें डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत प्रवरेच्या कांठीं उत्खनन केलें. १९६० सालीं त्याचा जो वृत्तांत प्रसिद्ध झाला त्याचें नांवच ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ अशा अर्थाचें आहे. आणि खरोखरच तेथील कुदळ मुसलमानी अमदानीपासून निघून सातवाहनांच्या काळांतून, ताम्रपाषाणयुगांतून, थेट अश्मयुगांतल्या दगडी हत्यारांपर्यंत खालीं उतरली. पण ज्ञानेश्वरी खरी कीं खोटी हा प्रश्न त्या खड्ड्यांवर टांगलेला नव्हता. ओंवीचा खरेपणा ती वाचणाऱ्याच्या मनांत ठरतो. प्रवरेच्या मातींत काय निघालें आणि काय न निघालें, याचा तिला उपसर्गहि नाहीं आणि उपयोगहि नाहीं.

ख्रिस्ती धर्माची गोष्ट निराळी आहे, आणि तिचा विचार आमच्यासारख्या ख्रिस्तेतरांनींहि करण्याजोगा आहे. या धर्माचें जें श्रद्धासूत्र जगभरच्या मंडळ्यांत म्हटलें जातें, त्यांत एका रोमन अंमलदाराचें नांव आहे. येशूनें दुःख सोसलें तें पंतय पिलाताच्या कारकीर्दींत, असा त्यांत उल्लेख येतो. धर्माच्या मूळ प्रतिज्ञेंत एखाद्या सुभेदाराचें नांव असावें, हें आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. आपल्या संध्येंत कोणी अहमदनगरच्या निजामशाहींतील एखाद्या ठाणेदाराचें नांव घालील काय? परंतु त्या एका नांवांत त्या धर्माचा सारा दावा सांठविलेला आहे. ही गोष्ट अमक्या देशांत, अमक्याच्या अंमलांत घडली, असें तो सांगतो. पौलानें करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत तर येथपर्यंत मजल गेली आहे कीं, ख्रिस्त उठलाच नसेल तर आपला उपदेश फोल होय असें तो स्वतःच कबूल करतो. ज्यानें अशी पैज मारली, त्याच्या दाराशीं कोणी कुदळ घेऊन आला तर ‘हा श्रद्धेचा विषय आहे, आपण बाहेर थांबावें’ असें म्हणण्याची त्यास सोय उरत नाहीं. आम्हांस या पैजेचें कौतुक वाटतें. तींत धोका आहे. पण धोका नाहीं असें विधान बहुधा कशाविषयींच कांहीं सांगत नसतें.

आतां ही कुदळ काय देते तें पाहूं. १८६५ सालीं लंडन येथें पॅलेस्टाइन देशाच्या संशोधनासाठीं एक संस्था स्थापन झाली, आणि पुढें तीन पिढ्या एका हातांत पवित्र शास्त्र व दुसऱ्या हातांत कुदळ घेऊन अनेक विद्वान् त्या देशांत उतरले. त्यांतील यरीहोची हकीकत प्रसिद्ध आहे. यहोशवाच्या सैन्यानें रणशिंगें फुंकलीं आणि नगराचा तट कोसळला, अशी कथा आहे. १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत जॉन गार्स्टँग यांस तेथें पडलेले तट सांपडले आणि हेच ते, असें त्यांनीं जाहीर केलें. धर्मनिष्ठ घरांतून मोठा आनंद झाला. १९५२ पासून कॅथलीन केन्यन या बाईंनीं तेंच ठिकाण अधिक बारकाईनें, थरामागून थर सोडवून खणलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, ते तट यहोशवाच्या मानलेल्या काळाच्या सुमारें हजार वर्षें आधींचे आहेत. आणि ज्या काळीं ते पडावयास हवे होते त्या काळीं तेथें पडण्याजोगा तटच नव्हता. ज्यांनीं गार्स्टँगच्या भरंवशावर आपली श्रद्धा बळकट करून घेतली होती, त्यांची मोठी पंचाईत झाली. श्रद्धेस कुदळीचा दाखला जोडला म्हणजे तो दाखला रद्द होण्याची पाळीहि सोसावी लागते, हें कोणी त्यांस आधीं सांगितलें नव्हतें.

उलट पक्षीं, १९६१ सालीं कैसरिया येथें जुन्या नाटकगृहांत पायरी म्हणून बसविलेला एक दगड निघाला. त्यावर पिलाताचें नांव कोरलेलें असून त्याचा हुद्दाहि आहे. गंमत अशी कीं, टॅसिटस या रोमन इतिहासकारानें त्याचा जो हुद्दा दिला आहे तो या शिलालेखाशीं जुळत नाहीं. म्हणजे या दगडानें दुरुस्त केला तो टॅसिटस. शुभवर्तमानांत तो नुसता ‘सुभेदार’ अशा मोघम अर्थानें येतो, तेथें दुरुस्तीस जागाच नव्हती. तरीहि पिलात खरा निघाला म्हणून येशूचें देवत्व खरें ठरलें, असें लिहिणारे निघालेच. असा युक्तिवाद आमच्या वर्गांत एखाद्या विद्यार्थ्यानें केला असता तर त्यास आम्हीं खालीं बसविलें असतें.

तेव्हां कुदळ कथेची शत्रु नव्हे आणि साक्षीदारहि नव्हे काय? इतकी सरळ गोष्ट नाहीं, असें आम्हांस कफर्णहूमची माहिती वाचतांना वाटूं लागलें. गालीलच्या सरोवराच्या उत्तर कांठीं हें कोळ्यांचें लहानसें गांव. येशू आपल्या उपदेशाच्या काळांत तेथें राहत असे आणि पेत्राचें घर तेथें होतें, असें शुभवर्तमानें सांगतात. गांव ओसाड पडल्यावर त्याची जागाहि लोक विसरले होते. १८९४ सालीं फ्रान्सिस्कन साधूंनीं तें रान विकत घेतलें, आणि १९६८ पासून कोर्बो व लोफ्रेदा या त्यांच्यांतील दोघां विद्वानांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें. पांचव्या शतकांतील एका अष्टकोनी देवळाच्या पायाखालीं त्यांस एक जुनें घर सांपडलें. घर म्हणजे काय, तर मोकळ्या अंगणाभोंवतीं कांहीं खोल्या; भिंती ओबडधोबड काळ्या दगडाच्या. हा काळा दगड आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा आहे. या भिंतींवर मजला चढणार नाहीं, जड छत टिकणार नाहीं. तेव्हां वर फांद्या पसरून त्यावर माती लिंपलेली असणार. आमच्या देशावरच्या वाचकांस एवढ्यानें सारें चित्र डोळ्यांपुढें उभें राहील, कारण हें धाब्याचें घर आहे. सोलापूर‑नगरकडे तशीं घरें पुष्कळांनीं पाहिलीं असतील.

मार्काच्या शुभवर्तमानांत याच गांवची एक हकीकत आहे. पक्षघात झालेल्या एका माणसास चौघांनीं उचलून आणलें. दाराशीं गर्दी फार, आंत शिरतां येईना. तेव्हां त्यांनीं घरावर चढून छप्पर उकरलें आणि भोंकांतून त्याची बाज खालीं सोडली. लूकानें तीच हकीकत सांगतांना छपरावर कौलें घातलीं आहेत, कारण तो कौलारू घरांत राहणाऱ्या ग्रीक वाचकांसाठीं लिहीत होता. कफर्णहूमच्या भिंती पाहिल्या कीं मार्काचें ‘उकरणें’ बरोबर आणि लूकाचीं कौलें उपरीं, हें तेथल्या तेथें समजतें. रोगी चालूं लागला कीं नाहीं, याविषयीं त्या भिंती एक अक्षर बोलत नाहींत. पण कथा ज्यानें प्रथम सांगितली त्यास धाब्याचें घर ठाऊक होतें, एवढें त्या बोलतात. आणि हें ‘एवढें’ थोडकें नाहीं.

याच घराची एक खोली इतरांहून निराळी निघाली. तिच्या भिंतींस चुन्याचा गिलावा होता. त्या गरीब गांवांत गिलाव्याचें घर दुसरें नाहीं. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धानंतर त्या खोलींत रोजच्या स्वयंपाकाचीं भांडीं दिसेनाशीं होतात, असें उत्खननकर्त्यांनीं नमूद केलें आहे. गिलाव्यावर मागाहून आलेल्या यात्रेकरूंनीं ओरखडलेलीं अक्षरें आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नांवाची एक बाई त्या देशाची यात्रा करून गेली. प्रेषितांच्या मुख्याचें घर देऊळ झालें असून जुन्या भिंती अजून उभ्या आहेत, असा उल्लेख तिच्या वृत्तांतावरून पुढें चालत आलेला आहे. हें सारें जुळतें. तरीहि त्या ओरखड्यांच्या वाचनाविषयीं विद्वानांत वाद आहे, आणि त्या खोलींत पेत्र निजत होता असें सांगणारा कागद कधींच मिळणार नाहीं. फार तर इतकें म्हणतां येईल कीं, पेत्र तेथें राहत होता असें मानणारीं माणसें फार लवकर त्या जागीं येऊं लागलीं. आज त्या घरावर खांबांच्या आधारानें अधांतरीं उभें केलेलें नवें देऊळ आहे, आणि त्याच्या मध्यभागीं जमिनींत कांच बसविली आहे. प्रार्थनेस आलेल्यास खालीं त्या काळ्या भिंती दिसतात. ही कल्पना ज्याची असेल त्याचें आम्हांस फार बरें वाटतें. त्यानें पुरावा झांकलाहि नाहीं आणि त्यावर देऊळ टेंकविलेंहि नाहीं.

कफर्णहूम दूर आहे. असाच प्रश्न आमच्या शेजारीं, जुन्या गोव्यांत उभा राहिला, आणि तेथें तो अधिक बिकट होता, कारण येथें घराचा नव्हे तर अस्थींचा प्रश्न होता. पादुका चांदीच्या असल्या तरी चालतात. अस्थि दुसऱ्या कोणाच्या असून चालत नाहीं. प्रतीक आणि अवशेष यांत हाच भेद आहे.

हकीकत अशी. पूर्व जॉर्जियांतील काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणच्या पहिल्या शहा अब्बासनें ओलीस म्हणून शिराझ येथें सुमारें दहा वर्षें अटकेंत ठेविलें. ख्रिस्ती धर्म सोडून इस्लाम स्वीकारण्यास तिनें नकार दिला, तेव्हां १६२४ सालीं तिला तापल्या लोखंडानें हालहाल करून मारण्यांत आलें. शिराझमध्यें ऑगस्टिनियन पंथाचे कांहीं पोर्तुगीज साधु होते. ती त्यांच्या रोमन पंथाची नव्हती. तरीहि त्यांनीं तिच्या अस्थि गुप्तपणें मिळविल्या, आणि त्यांतील कांहीं १६२७ सालीं गोव्यास आणल्या. तिचा मुलगा तेइमुराज हा राजा तसाच कवि. त्यानें आईच्या हौतात्म्यावर काव्य रचलें. लिस्बन येथील ऑगस्टिनियन मठांत तिच्या मरणाचा प्रसंग निळ्या रंगाच्या चकचकीत फरशांवर चितारलेला आहे. तिच्या देशाच्या मंडळीनें तर तिला संतांत गणलें.

गोव्यांत त्या अस्थि ठेवल्या त्या ‘पवित्र टेकडी’वरील ऑगस्टिनियनांच्या देवळाच्या मठांत. हें देऊळ जांभ्या दगडाचें, सोळावें शतक संपून सतरावें सुरू होतांना बांधलेलें. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागा बिनचूक लिहिलेली होती. मठाच्या सभेच्या प्रार्थनामंदिरांत, दुसऱ्या खिडकीशीं, काळ्या दगडाच्या पेटींत. परंतु १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें धार्मिक पंथांचे मठ मोडले, १८४२ सालीं देवळाचें छत कोसळलें, आणि १९३१ सालीं दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. उरलेला अर्धा मनोरा जुन्या गोव्यास जाणाऱ्या प्रत्येकानें पाहिलेला असेल. आतां दुसरी खिडकी शोधावयाची म्हणजे आधीं भिंत शोधावयास हवी, आणि भिंत शोधावयाची म्हणजे दगडमातीच्या ढिगांतून अवघ्या मठाचा नकाशा पुन्हा उभा करावयास हवा. जॉर्जियाहून मंडळी आली, प्रयत्न झाले, हाताला कांहीं लागलें नाहीं. भारतीय पुरातत्त्व खात्यानें नेटानें काम चालू ठेविलें, आणि २००४ सालीं त्या खिडकीच्या जागेजवळ हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला.

तो कोणाचा? त्या देवळांत शेंकडों माणसें पुरलेलीं आहेत. फरशीचे दगडच थडग्यांचे आहेत. हाडाचा अंश हैदराबादेच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेंत गेला. आईकडून मुलांत उतरणारें जें आनुवंशिक द्रव्य असतें, त्याचा हाडांतील नमुना तेथें वाचण्यांत आला व हिंदुस्थानांतील २२,००० हून अधिक लोकांच्या नमुन्यांशीं ताडून पाहण्यांत आला. या देशांत तो कोणांतहि आढळला नाहीं. जॉर्जियांत व त्याच्या आसपास मात्र आढळतो. हाड स्त्रीचें असल्याचेंहि दिसून आलें. २०१४ सालच्या एका शास्त्रीय मासिकांत हा निबंध छापलेला आहे, आणि त्याच्या मथळ्यांतच असें म्हटलें आहे कीं, पश्चिम भारतांत उत्खननांत मिळालेला अवशेष ‘बहुधा’ जॉर्जियाची राणी केतेवान हिचा आहे.

या ‘बहुधा’पाशीं आम्ही थांबूं इच्छितों. कागदांतली जागा जुळली, पेटीची खूण जुळली, स्त्री ठरली, देश ठरला. सतराव्या शतकांत जॉर्जियन स्त्रीचें हाड गोव्याच्या देवळांत दुसऱ्या कोणत्या मार्गानें येणार? वकील असता तर त्यानें येथेंच मुकदमा जिंकला असता. तरीहि संशोधकांनीं ‘बहुधा’ लिहिलें, आणि तें पोटांत कोठें दडवून नव्हे तर कपाळावर लिहिलें. कारण राणीच्या एखाद्या सख्ख्या नातलगाचें हाड शेजारीं ठेवून त्यांनीं तें ताडलेलें नव्हतें. देश ठरला होता, व्यक्ति ठरली नव्हती. एका राष्ट्राची मंडळी गुडघे टेंकून वाट पाहत आहे, दोन सरकारें वाट पाहत आहेत, वर्तमानपत्रें वाट पाहत आहेत; आणि अशा वेळीं ज्यास जेवढें ठाऊक आहे तेवढेंच तो बोलतो, हें आम्हांस साऱ्या प्रकरणांतील सर्वांत धार्मिक कृत्य वाटतें. ‘धार्मिक’ हा शब्द आम्ही जपूनच वापरीत आहों. राणीनें शिराझमध्यें केलें तें याहून फार मोठें आणि फार दुःखाचें होतें. पण तिनेंहि शेवटीं हेंच केलें कीं, जें आपणांस खरें वाटत नाहीं तें, सारें जग ऐकावयास टपलें असतां, तोंडांतून काढलें नाहीं.

कोणी म्हणेल, मग तें हाड राणीचें नसतें तर? आम्ही उलट विचारतों, मग काय झालें असतें? शिराझमधील नकार त्या हाडावर अवलंबून नाहीं. तो त्या काळच्या साक्षीदारांच्या पत्रांत आहे, मुलाच्या काव्यांत आहे. हाड खोटें निघतें तर एका पेटीवरचें नांव खोटें ठरलें असतें, त्या बाईचें धैर्य नव्हे. श्रद्धेच्या पोटांत दोन निरनिराळीं विधानें असतात: एक वस्तूविषयीं, दुसरें मोलाविषयीं. पहिल्यावर कुदळीचा अधिकार पुरा आहे, आणि भक्तानें तो कुरकुर न करतां मान्य करावा. दुसऱ्यावर तो अधिकार नाहीं, आणि संशोधकानें तेथें बोलूं नये. भांडणें होतात तीं बहुतेक पहिल्याचा निकाल दुसऱ्याच्या खात्यांत जमा करण्याच्या घाईनें होतात. यरीहोस तेंच झालें, आणि आपल्याकडेहि जेथें जेथें झालें तेथें याच जातीचें झालें.

परंतु मोलाच्या प्रांतांत गेलों कीं कुदळीस न दिसणारी एक गोष्ट दिसूं लागते, आणि ती सांगितल्यावांचून हें प्रकरण आम्हांस पुरें करतां येत नाहीं. ज्या नगरींत धर्म बदलण्यास नकार देणाऱ्या राणीच्या अस्थि सन्मानानें ठेवण्यांत आल्या, त्याच नगरींत, त्या टेकडीपासून थोड्याच अंतरावर, १५६० पासून इन्क्विझिशनची कचेरी होती, आणि मधलीं चार वर्षें वगळतां ती १८१२ पर्यंत चालली. बाप्तिस्मा झाल्यावरहि घरीं जुनें देवकार्य केलें, या संशयावरून माणसें तेथें ओढून नेलीं जात. ज्या वर्षीं ती कचेरी निघाली त्याच वर्षीं कुठ्ठाळचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास गेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. रात्रीं डोक्यावर देव घेऊन नदी उतरणाऱ्यांनीं आणि शिराझच्या राणीनें केलें तें तत्त्वतः एकच. आपली श्रद्धा दुसऱ्याच्या हुकुमानें टाकावयाची नाहीं, एवढेंच तें होतें. ऑगस्टिनियन साधूंना राणींत जें हौतात्म्य दिसलें तें कुठ्ठाळच्या भटाभाविणींत कां दिसूं नये? त्यांना दिसलें नाहीं म्हणून त्यांच्या भक्तीस ढोंग म्हणणें सोपें आहे, पण आम्हांस तें न्यायाचें वाटत नाहीं. शिराझमधून अस्थि चोरून आणतांना त्यांनींहि जीव धोक्यांत घातला होता. त्यांची भक्ति खरी होती. ती आपल्या कुंपणाशीं येऊन थांबली. आणि अशी कुंपणाशीं थांबणारी खरी भक्ति आपण रोज आपल्या घरींदारीं पाहतों, म्हणून या साधूंवर दगड टाकण्यास हात उचलत नाहीं.

मंगेश ज्या ठिकाणाहून निघाला त्या जागेस आज जाऊन कोणी खणलें तर जोतें निघेल, कदाचित् कांहीं दगड निघतील. त्यावरून देऊळ तेथें होतें हें ठरेल. प्रियोळाच्या देवळांत गर्दी करणाऱ्या कोणाची भक्ति त्यामुळें गुंजभरहि वाढणार नाहीं, कारण तिनें नदी ओलांडली तेव्हांच जागेचा पुरावा मागें ठेवून दिला होता. तरीहि तें जोतें सांपडावें असें आम्हांस वाटतें. तेथें काय होतें आणि तें कोणीं पाडलें, हें कळणें हा भक्तीचा हक्क नसला तरी इतिहासाचा आहे.

राणीच्या अवशेषांचें पुढें असें झालें. २०१७ सालीं ते कांहीं काळासाठीं म्हणून जॉर्जियास पाठविण्यांत आले, आणि तेथील लोकांनीं त्यांच्या दर्शनास दाटी केली. २०२१ च्या जुलैंत भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं त्बिलिसी येथें जाऊन अवशेषांचा एक भाग त्या राष्ट्राच्या कायमचा स्वाधीन केला. चारशें वर्षांनीं कोणाची आई घरीं आली, असाच तो प्रसंग त्या लोकांस वाटला असेल, आणि त्यांत शंका काढणारा मनुष्य कोणासहि नकोसा होईल. समारंभांतून ‘बहुधा’सारखे शब्द नेहमींच वगळले जातात, हारतुऱ्यांत ते शोभत नाहींत. आमच्याकडे कोणी विचारलें असतें तर त्या पेटीवरच्या पाटीवर राणीच्या नांवाआधीं तो शब्द आम्हीं लहान अक्षरांत कां होईना ठेविला असता. आणि गोव्याच्या त्या ढिगाऱ्यांत तिच्या शेजारीं जीं नांव नसलेलीं हाडें निघालीं, त्यांच्याहि फळीवर एक पाटी लाविली असती.